हुंडीतला शाह आणि कार्डातला ओटीपी

उन्हाळ्याची किंवा दिवाळीची सुटी जवळ आली की वर्तमानपत्रांत एक बातमी हटकून येते. एखादे कुटुंब सामानसुमान घेऊन अलिबागच्या, लोणावळ्याच्या नाहीतर कळंगुटच्या बंगल्याच्या फाटकाशी उभे राहते आणि आतून आलेला रखवालदार सांगतो की असे कोणतेही बुकिंग येथे नाही. छायाचित्रे खरी, बंगला खरा, फक्त पैसे घेणारा भलताच. घरी परतून कार्डाचे स्टेटमेंट उघडावे तर विसार म्हणून दिलेल्या चार हजारांखाली आणखी दोन मोठ्या रकमा पडलेल्या असतात, ज्यांचा त्या कुटुंबाला पत्ताही नसतो. यानंतर जी चर्चा सुरू होते तिचे दोनच सूर असतात. एक म्हणतो, शिकलेली माणसे इतकी बावळट कशी, स्वस्त मिळाले की धावतात. दुसरा म्हणतो, बँकाच चोरांना सामील आहेत. पहिल्या सुरात आत्मसंतोष आहे, दुसऱ्यात त्रागा. आणि गेलेली रक्कम नेमकी कोणाच्या खाती टाकायची हा खरा प्रश्न दोघेही सोडून देतात.

माझे मत आधीच सांगतो. कार्डावर खातेदाराच्या मर्जीविना पडलेल्या रकमेचा भार प्रथम त्याच्यावर पडला पाहिजे, ज्याने पैसे घेणाऱ्याला या व्यवहाराच्या साखळीत प्रवेश दिला आणि ज्याच्या हाती ते पैसे अडवण्याची कळ होती. खातेदाराची चूक असेल तर ती सिद्ध करावी, गृहीत धरू नये. आणि सहा आकडी ओटीपी टाकला गेला एवढ्यावरून ती चूक सिद्ध होत नाही.

अर्थात ‘अनधिकृत’ हा शब्द आपणही फार सैल वापरतो. सुटीतल्या घरांच्या बुकिंगमध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टी या एकाच शब्दाखाली कोंबल्या जातात. कार्डाचा क्रमांक कुठून तरी फुटला आणि खातेदाराच्या नकळत कोणी तरी रक्कम उचलली, हा पहिला प्रकार. खातेदाराने स्वतः पैसे भरले, पण ज्याला आणि जेवढे भरतो आहोत असे त्याला वाटत होते, त्याहून वेगळ्या माणसाला किंवा वेगळ्या रकमेने ते गेले, हा दुसरा. आणि बुकिंग जाणूनबुजून केले, मग बेत बदलला, खोली पसंत पडली नाही किंवा फुटलेल्या आरशापोटी मालकाने अनामत कापून घेतली, हा तिसरा. पहिला प्रकार निर्विवाद अनधिकृत आहे, तिसरा मुळीच नाही, आणि सगळा वाद दुसऱ्यापाशी आहे. आज घडते असे की ग्राहक तिसऱ्या प्रकाराला पहिल्याचे नाव देऊन तक्रार करतात आणि बँका पहिल्याला दुसऱ्यात ढकलून फाईल बंद करतात.

विरुद्ध बाजूचे म्हणणे दुर्बळ नाही, म्हणून ते पूर्ण मांडतो. दिवेआगर, गुहागर किंवा तारकर्लीला चार खोल्यांचा होमस्टे चालवणारे घर डोळ्यांपुढे आणा. जोडून आलेल्या सुट्यांसाठी त्यांनी एक खोली राखून ठेवली, इतर तीन चौकशा परत पाठवल्या, माशांचा आणि भाकऱ्यांचा अंदाज बांधला, आणि पाहुणा आलाच नाही. पुढे महिन्या-दीड महिन्याने तोच पाहुणा बँकेला कळवतो की हा व्यवहार मी केलाच नव्हता. कार्ड-जाळ्यांच्या, म्हणजे व्हिसा-मास्टरकार्डसारख्या संस्थांच्या, नियमांनुसार असा वाद उपस्थित करायला साधारण १२० दिवसांची मुदत असते. तोवर ती रक्कम पावसाळ्यापूर्वी कौले शाकारण्यात खर्च झालेली असते. पेमेंट गेटवे, म्हणजे मालकासाठी कार्डाचे पैसे स्वीकारणारी मधली सेवा, पुढच्या जमेतून ती वळती करून घेते, वर चार्जबॅकचे, म्हणजे वादातली रक्कम उलटवण्याचे, शुल्क लावते, आणि पुरावा म्हणून त्या घरच्या बाईंकडे व्हॉट्सॅपवरचे ‘ओके काका, नक्की येतो’ एवढेच असते. अशा खोट्या तक्रारी होतात. त्या नाकारून खऱ्या तक्रारदाराची बाजू बळकट होत नाही. दुसरे म्हणणे असे की बँक भरपाई देते ती अखेर इतर ठेवीदारांच्या आणि कार्डधारकांच्या खिशातूनच. आणि तिसरे, सर्वांत वजनदार, म्हणणे असे की रिझर्व्ह बँकेचा नियमच सांगतो, खातेदाराने आपली गुप्त माहिती दुसऱ्याला दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान त्याचे.

हा नियम ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातला आहे. तो अर्धाच उद्धृत करण्याची सवय आपल्याकडे पडली आहे, म्हणून बाकीचा अर्धाही पाहू. चूक बँकेची असेल तर खातेदाराचे दायित्व शून्य, मग त्याने कळवले असो वा नसो. चूक बँकेचीही नाही आणि खातेदाराचीही नाही, मधल्या कुणाची आहे, अशा वेळी व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तरी दायित्व शून्यच. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवले तर त्याच्या वाट्याला मर्यादित रक्कम येते: पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डावर जास्तीत जास्त १०,००० रुपये, त्यावरच्या कार्डावर २५,०००. सात दिवस उलटले की बँकेच्या स्वतःच्या धोरणाप्रमाणे. तक्रार आल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत वादातली रक्कम बँकेने तात्पुरती परत जमा करायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा. आणि खातेदार जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर. ‘भरपाई मिळणार म्हटल्यावर लोक निष्काळजी होतील’ या भीतीला याच पायऱ्यांत उत्तर आहे. जो लवकर कळवतो त्याला पूर्ण संरक्षण, जो रेंगाळतो त्याला कमी, ही रचना जागरूकतेला बक्षीस देणारीच आहे. नव्वद दिवस खेटे घालून आपलेच पैसे परत मिळवण्यासाठी मुद्दाम कार्ड लुटू देणारा माणूस मला तरी अजून भेटायचा आहे.

नियम चांगला आहे; खोट त्याच्या वाचनात आहे. गेल्या वर्षी एका मध्यरात्री माझ्या क्रेडिट कार्डावर परदेशातल्या कुठल्याशा समुद्रकाठच्या घराच्या भाड्यापोटी ३१ हजार रुपयांची नोंद पडली. त्या गावाचे नाव मला नकाशात शोधावे लागले. परदेशवारीच्या वेळी कार्डावरचा आंतरराष्ट्रीय व्यवहारांचा खटका मी चालू केला होता आणि परतल्यावर बंद करायला विसरलो होतो. एवढा माझा दोष मी मान्य करतो. पण पहाटे कार्ड बंद करून मी कस्टमर केअरला फोन लावला तेव्हा पहिला प्रश्न आला, “सर, ओटीपी कोणाला सांगितला होता?” ओटीपी आलाच नव्हता. तो येणारही नव्हता, कारण परदेशी व्यापाऱ्याकडच्या बहुतेक व्यवहारांना तो लागत नाही. हे बँकेला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असायला हवे. तरीही पुढच्या अर्जात तोच प्रश्न छापील होता, आणि त्याखाली ‘ओटीपी आला नाही’ असे लिहायला रकानाच नव्हता.

हा रकाना का नाही हे समजून घ्यायचे तर ओटीपीचा इतिहास पाहावा लागतो. १ ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्ड व्यवहारांना कार्डावर न छापलेल्या माहितीची दुसरी पडताळणी सक्तीची केली. सुरुवातीला ती पासवर्डाने होई, पुढे ओटीपीने होऊ लागली. हा निर्णय दूरदृष्टीचा होता. २०१४ मध्ये एका जगप्रसिद्ध टॅक्सी कंपनीच्या निमित्ताने देशी व्यवहार परदेशी गेटवेमार्गे फिरवून ही पडताळणी चुकवण्याचा प्रकार पुढे आला, तेव्हा रिझर्व्ह बँकेने तोही रोखला. त्याबद्दल तिचे कौतुकच केले पाहिजे. पण या पडताळणीबरोबर कार्ड-जाळ्यांच्या नियमांतले एक कलम आपोआप लागू होते, ज्याची चर्चा कोणी करत नाही. दुसरी पडताळणी झालेल्या व्यवहारात फसवणूक निघाली तर तिचा भार व्यापाऱ्याकडून कार्ड देणाऱ्या बँकेकडे सरकतो. म्हणजे ओटीपीने व्यापारी सुटतो आणि बँक अडकते. हे जाळ्यातल्या दोन संस्थांमधले वाटप आहे. त्यात खातेदार कुठेच नाही. मग अडकलेली बँक काय करते? तोच भार आणखी एक पायरी खाली ढकलते आणि ‘ओटीपी पडला, म्हणजे तुम्हीच केलेत’ असे सांगून खातेदाराच्या डोक्यावर ठेवते. भार व्यापाऱ्याकडून बँकेकडे सरकवणारे वाक्य खातेदाराला ऐकवताना गुन्ह्याची कबुली कसे काय झाले?

ओटीपी फार तर एवढेच सांगतो की तो मोबाइल ज्याच्या हाती होता त्याला सहा आकडे दिसले आणि ते कुठे तरी भरले गेले. कशासाठी, कोणाला, किती, याला संमती होती का, हे तो सांगत नाही. संदेशात व्यापाऱ्याच्या नावाच्या जागी पुष्कळदा गेटवेचे नाव किंवा एखाद्या अनोळखी कंपनीचे आद्याक्षरी नाव असते, आणि खऱ्या बंगल्याच्या बाबतीतही मालकाच्या कंपनीचे नाव बंगल्याच्या नावाशी जुळत नाही. त्यामुळे नाव जुळले नाही म्हणून सावध व्हायला हवे होते, हा उपदेश निरर्थक ठरतो. शिवाय आपल्याच देशातला दुसरा कायदा पाहा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० सांगतात की आधीच खूण करून ठेवलेल्या चौकटीवरून ग्राहकाची संमती नोंदता येणार नाही. ती त्याने स्पष्ट आणि स्वतःच्या कृतीने दिली पाहिजे. चौकटीतल्या आयत्या खुणेला आपण संमती मानत नाही, आणि खोट्या पानावर फसवून भरवून घेतलेल्या आकड्यांना मात्र मानतो.

आपल्या बाजारपेठांनी हा प्रश्न शेकडो मैल दूर पैसे पाठवताना कधीच सोडवला होता. आज मराठीत ‘शहाजोग’ म्हणजे साळसूदपणाचा आव आणणारा. पण हुंडीच्या, म्हणजे दूरच्या पेढीवर पैसे देण्यासाठी लिहिलेल्या चिठ्ठीच्या, व्यवहारात शाहाजोग हुंडी म्हणजे केवळ शाहाला, बाजारात पत असलेल्या सावकारालाच, देय असलेली हुंडी. ती हातोहाती कितीही फिरली तरी शेवटी पैसे मागायला शाहानेच जायचे, आणि जाण्यापूर्वी हुंडी आणणाऱ्याची चौकशी त्याने करायची. पुढे हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली तर घेतलेली रक्कम शाहाने व्याजासह परत करायची. यातली व्यवहारबुद्धी लक्षात घ्या. बनावट हुंडी कोणी आणली हे हुंडी लिहिणाऱ्याला दूरच्या गावी बसून कळणे शक्य नव्हते. ते कळण्याची संधी असलेला एकच माणूस होता, आणि जबाबदारी त्याच्यावर ठेवली गेली. कार्डाच्या साखळीत हा शाह कोण? बंगल्याच्या नावाने दुकान उघडणाऱ्याचे खाते ज्याने उघडले तो पेमेंट अॅग्रिगेटर, म्हणजे अनेक व्यापाऱ्यांच्या वतीने पैसे गोळा करणारी कंपनी, आणि त्यामागची बँक. मार्च २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अॅग्रिगेटरवर व्यापाऱ्याची पार्श्वभूमी तपासण्याची जबाबदारी टाकलेलीच आहे, आणि ग्राहकाचे पैसे व्यापाऱ्याला पोचण्यापूर्वी एस्क्रो, म्हणजे मधल्या राखीव, खात्यात थांबतात. म्हणजे चौकशीचे कर्तव्यही आहे आणि पैसे अडवायला जागाही आहे. नाही ते फक्त परत करण्याचे बंधन.

धनादेशाच्या बाबतीतही न्यायालयांनी हेच सांगितले. कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन या १९८७ च्या निकालात कंपनीच्याच हिशेबनिसाने व्यवस्थापकीय संचालकाची सही खोटी करून ४२ धनादेश वटवले होते. बँकेचे म्हणणे होते की कंपनीने पासबुक नीट पाहिले असते तर हे आधीच उघडकीला आले असते. सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. खोट्या सहीचा धनादेश हा खातेदाराचा आदेशच नव्हे, तेव्हा त्यावर त्याचे पैसे देण्याचा अधिकार बँकेला नाही. सही कागदावर होती, तरी ती आदेश ठरली नाही. मग स्क्रीनवर आकडे होते, एवढ्याने तो आदेश कसा ठरतो?

‘यंत्रात नोंद आहे, म्हणजे तुम्हीच’ या युक्तिवादाची परिसीमा इंग्लंडने पाहिलेली आहे. १९९२ मध्ये केंब्रिजशायरमधल्या एका पोलीस शिपायाने आपल्या खात्यातून एटीएममार्गे झालेल्या सहा उचलींबद्दल तक्रार केली. वित्तसंस्थेने सांगितले, आमची यंत्रणा चुकत नाही. चुकत नसेल तर तक्रार खोटी, आणि तक्रार खोटी असेल तर तक्रारदार लबाड. या तर्काने १९९४ मध्ये त्या शिपायालाच फसवणुकीच्या प्रयत्नाबद्दल दोषी ठरवण्यात आले. अपिलात बचाव पक्षाच्या तज्ज्ञाला यंत्रणा तपासू द्यायला संस्था तयार होईना, तेव्हा कुठे १९९६ मध्ये तो निर्दोष सुटला. सुदैवाने आपल्याकडची न्यायालये या वाटेने गेलेली नाहीत. खातेदाराने एसएमएसला प्रतिसाद दिला नाही एवढ्यावरून बँक सुटत नाही, असे केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले. ओटीपी न येताच नवे लाभार्थी जोडून एका कंपनीच्या खात्यातून ७६ लाखांहून अधिक रक्कम काढली गेली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये बँक ऑफ बडोदाला ती परत करायला लावली. आणि गुवाहाटीच्या एका खातेदाराचे ९४ हजार रुपये, ऑनलाइन घेतलेला कपडा परत करताना आलेल्या तोतया फोनमुळे गेले असताना, स्टेट बँकेचे ‘ओटीपी त्यानेच दिला असणार’ हे म्हणणे उच्च न्यायालयात टिकले नाही आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही टिकले नाही. त्याने २४ तासांच्या आत कळवले होते.

येथे चाणाक्ष वाचक म्हणेल की या निकालांतल्या खातेदारांची चूक सिद्धच झाली नव्हती. बंगल्याच्या बुकिंगमध्ये माणूस स्वतः पैसे भरतो, त्याचे काय? हा आक्षेप रास्त आहे, आणि दुसऱ्या प्रकारातल्या प्रत्येक तक्रारीला पूर्ण भरपाई मिळावी असे मीही म्हणत नाही. पण ‘स्वतः भरले’ आणि ‘निष्काळजीपणे भरले’ यांत अंतर आहे. २०१८ च्या अखेरीस भामट्यांनी संयुक्त अरब अमिरातीतल्या ४० हॉटेलांच्या कर्मचाऱ्यांकडून बुकिंग डॉट कॉमवरची लॉगिन माहिती काढून घेतली. चार हजारांवर प्रवाशांची माहिती आणि सुमारे ३०० जणांचे कार्ड तपशील त्यांच्या हाती लागले. ही गळती २२ दिवस उशिरा कळवल्याबद्दल नेदरलँड्सच्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला ४,७५,००० युरोंचा दंड केला. ज्याला तुमच्या मुक्कामाच्या तारखा, खोली आणि हॉटेलचे नाव ठाऊक आहे, अशा माणसाचा फोन आल्यावर प्रवाशाने कोणती सावधगिरी बाळगायची होती? ब्रिटनने १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या ७५ व्या कलमाने, १०० ते ३०,००० पौंडांच्या खरेदीत विक्रेत्याने करार मोडला वा दिशाभूल केली तर क्रेडिट कार्ड देणाऱ्या संस्थेलाही बरोबरीने जबाबदार धरले. तिथल्या बँका बुडाल्या नाहीत आणि ग्राहकही बेफिकीर झाले नाहीत.

आणि गुहागरच्या त्या होमस्टेचे काय? भार अॅग्रिगेटरवर टाकला तर तो छोट्या मालकाला दारातच उभे करणार नाही, अशी शंका मला वारंवार आली आहे. पण आजच्या व्यवस्थेत मालक ज्या दोन कारणांनी मार खातो त्यांवर उपाय आहेत. एक, पैसे पाहुणा पोचेपर्यंत मध्ये थांबवावेत. एअरबीएनबी यजमानाला रक्कम पाहुणा दाखल झाल्यानंतर साधारण २४ तासांनीच सोडते, तेव्हा हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. ज्याला मुक्कामच मिळाला नाही त्याचे पैसे मग भामट्यापर्यंत पोचतच नाहीत, आणि मालकाकडे पोचलेले पैसे सहसा परत मागितले जात नाहीत. दोन, मालकाची सरकारी नोंदणी ही अॅग्रिगेटरच्या तपासणीचा भाग व्हावी. गोव्यात पर्यटकांना निवास पुरवणाऱ्यांची नोंदणी १९८२ पासून कायद्याने बंधनकारक आहे. तो क्रमांक पैसे स्वीकारण्याच्या पानावर दिसला आणि खात्याच्या नावाशी जुळवून पाहिला गेला, तर दुसऱ्याच्या बंगल्याची छायाचित्रे लावून विसार गोळा करणाऱ्याची अडचण होईल. खऱ्या मालकाची होणार नाही.

परदेशी व्यवहारांतली फटही आता बुजू लागली आहे. सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांनी परदेशी व्यापाऱ्याने मागणी केल्यास दुसरी पडताळणी करण्याची सोय कार्ड देणाऱ्या बँकांनी १ ऑक्टोबर २०२६ पर्यंत उभी करावी असे सांगितले आहे. परदेशी व्यापाऱ्याने मागणीच केली नाही तर फट उरतेच, हे उघड आहे. पण त्याच निर्देशांत एक ओळ आहे जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते: निर्देश न पाळता झालेल्या व्यवहारात नुकसान झाले तर बँकेने ग्राहकाला विनातक्रार पूर्ण भरपाई द्यावी. वीस वर्षांच्या परिपत्रकी भाषेत ‘विनातक्रार’ हा शब्द ग्राहकाऐवजी बँकेला उद्देशून आलेला मी क्वचितच पाहिला आहे.

तोवर ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी कार्ड तत्काळ बंद करावे, १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर नोंद करावी, आणि बँकेला लेखी कळवताना सूचना मिळाल्याची तारीख व वेळ लिहावी, कारण तीन दिवसांची मोजणी तिथून, तो दिवस वगळून, होते. तक्रार तिसऱ्या प्रकारातली असेल तर ती ग्राहक आयोगाकडे न्यावी. २०१९ च्या कायद्याने ती स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात दाखल करता येते, म्हणजे पुण्याच्या माणसाला गोव्याच्या बंगल्यासाठी तिथवर हेलपाटे घालावे लागत नाहीत. ती अनधिकृत म्हणून बँकेच्या गळ्यात घालू नये.

माझे ३१ हजार ८४ व्या दिवशी परत आले. सोबतच्या पत्रात लिहिले होते की ‘आपल्याशी असलेल्या दीर्घ संबंधांचा विचार करून, सद्भावना म्हणून’ ही रक्कम जमा करण्यात येत आहे. मी उत्तर लिहिले की रक्कम मिळाली, पण ‘सद्भावना म्हणून’ हे शब्द काढून त्या जागी ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाचा उल्लेख असलेले पत्र पाठवावे. त्या पत्राला पोच मिळाली आहे, तक्रार क्रमांकासह.